मेजरचे पेढे

लष्करातून निवृत्त झालेल्या आकारामने मुलीच्या, अंकिताच्या, नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेल्या चार लाखांचे शेअर घेतले होते. चाळीस पैशांना एक, असे दहा लाख. सोमवारी मोबाइलवर भाव चाळीस रुपये दिसला. शंभर पट! त्याने थेट सातारा गाठला, दोन किलो कंदी पेढे आणले आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीत वाटूनही टाकले.

संध्याकाळी अंकिताने मोबाइल पाहिला. "आवं आप्पा, कंपनीनं शंभर शेअरचा एक केलाय. आपलं आता दहाच हजार ऱ्हायलं."

"मग चार लाख हायतच की गं."

"आज हायत. पण कंपनीनं लाखो नवे शेअर काढून दुसऱ्यांना दहा रुपयांनी दिलेत. आपला चाळीसला कोण घेतंय?"

कुणीच घेतला नाही. आकाराम रोज सकाळी विकायला लावायचा, पण महिन्याभरात भाव नऊवर आला तरी गिऱ्हाईक मिळालं नाही.

"मेजर, पेढं लय ग्वाड हुतं. आता जेवान कवा?" शेजारच्या वीरधवलने रस्त्यातच अडवलं.

"पोरगी नर्स होऊ दे की गड्या," आकाराम हसून म्हणाला.

फी भरायची मुदत कालच संपली होती. आळीत हे फक्त त्याला आणि अंकिताला ठाऊक होतं.