तळ्याची कड

बसा असे इकडे. एका माळ्याची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण ऐकून झोप उडाली तर मला बोल लावायचा नाही.

माळी गुडघाभर पाण्यात उभा राहून तळ्याच्या काठाचे दगड चाचपत होता. बंगल्यामागचं तळं, मधे चांगलं दोन पुरुष खोल. मालकांचा पुतण्या काठावर उभा.

"हे दगड झाका," पुतण्या म्हणाला. "डोळ्यांत खुपतात. जमीन कुठं संपली, पाणी कुठं लागलं, कळूच नये."

"मग ब्राह्मी लावू. पाण्यावर पसरते, हिरवळच वाटते."

"झकास."

तेवढ्यात टक्, टक्. म्हातारे मालक काठीनं दगड वाजवत फेरीला निघाले होते. त्यांना दिसत नव्हतं. काठी दगडावर वाजली की कड कळायची.

"काय माळीबुवा, आज काय लावताय? डोळे गेले, पण नाक अजून नोकरीवर आहे हो."

ते पुढं गेल्यावर माळी हळूच म्हणाला, "काकांची काठी वाजायची नाही मग."

"काका हल्ली बाहेर येतात कुठं," पुतण्या म्हणाला.

आणि टक् टक् तर चालूच होती.

माळ्यानं वाद घातला नाही. गरिबाचं तोंड लहान. त्यानं ब्राह्मी लावली, पण काठापासून दोन हात अलीकडे सबंध तळ्याभोवती वेखंड लावलं. पानं तुडवली की उग्र वास सुटतो. मग पुतण्या आत गेल्यावर त्यानं मालकांना गाठलं.

"काका, दगड झाकलेत. वेखंडाचा वास आला की थांबायचं. पुढं पाऊल नाही."

मालकांनी काठी पुढं टेकवून पाहिली. वाजली नाही.

"त्यानं सांगितलं झाकायला?"

माळी खुरप्याची माती पुसत राहिला.

"याच तळ्यात पोहायला शिकवलं मी त्याला," मालक म्हणाले, आणि काठी चाचपत आत गेले.

आठवड्यानं पुतण्याचा फोन आला.

"बाग छान झाली. ते वासाचं गवत तेवढं मी उपटतो."

"राहू द्या साहेब, डास येत नाहीत त्यानं."

"तुम्ही आता येऊ नका. काम संपलं."

माळी दुसऱ्या दिवशी गेलाच. फाटकाला नवं कुलूप होतं.

तुमची रोजची वाट त्या बंगल्याच्या कुंपणाजवळूनच आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. उद्या सकाळी तिथं जरा थांबा. वेखंडाचा वास येतो का, तेवढं येऊन सांगा.