कुंपणापलीकडचं पहिलं ताट

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. बेसबॉलच्या मैदानामागे, उजव्या कुंपणाच्या खांबाला साखळीने बांधलेली ती काळी, पोट सुटलेली शेगडी म्हणजे मी. तेलाचं पिंप मधोमध उभं कापून, त्याला चार पाय आणि वर बारा गज जोडून हॉइट लॅडनरने मला घडवलं. तो मिसिसिपीच्या किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करायचा. आमच्या गावात एक लहानसं कॉलेज आहे आणि कॉलेजाहून मोठा त्याचा बेसबॉलचा संघ आहे. माझ्या पहिल्या धुराला आता चाळीस वर्षं होतील.

फेब्रुवारीत घरच्या मैदानावर पहिला सामना असतो. त्या दिवशी माझ्यावर भाजलेल्या डुकराच्या बरगड्यांचं पहिलं ताट कुंपणावरून मुख्य कोचला जातं. तो उभ्यानेच खातो, हात वर करतो, मग बाकीच्यांनी खायचं. त्याआधी कुणी बोटसुद्धा चाटत नाही. असे चार कोच माझ्या हातचं खाऊन गेले. ताट पलीकडे झेलून त्यांच्यापर्यंत नेण्याचं काम वेंडेल निकेझचं. तो दुय्यम कोच होता. अठरा वर्षं त्याने ते ताट नेलं, आणि त्यातला एक घास कधी तोंडात टाकला नाही.

"वेंडेल, एक दिवस हे ताट तुझं," हॉइट त्याला म्हणायचा. "तोवर सांडू नकोस म्हणजे झालं."

"काका, तोवर माझे दात राहिले पाहिजेत," वेंडेल हसून म्हणायचा.

हॉइट गेला. मग त्याची बायको ऑर्फा मला पेटवू लागली. काडी ओढण्यापूर्वी ती क्षणभर डोळे मिटायची, ओठ हलायचे, आणि मग ज्योत. मित्रांनो, असा हात लागला की गंजलेल्या लोखंडालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

गेल्या जूनमध्ये जुने कोच निवृत्त झाले. नवा कोण येणार, यावर माझ्याभोवती माणसं जमू लागली. त्यांत पुढे डब स्ट्रिकलंड. हा छपरांची कामं घेतो, आणि छपरावरून बोलल्यासारखंच बोलतो. त्याला वाटे, टेक्ससमधला कुणीतरी मोठा, नावाजलेला कोच येणार. म्हणून हे लोक दिवसभर फोनवर विमानं शोधत बसायचे! कुठलं लहान विमान कुठून उडालं, कुठे वळलं, यावरून कोच कोण ते ओळखायचं. ही त्यांची विद्या.

एका दुपारी डब ओरडला, "उडालं! टेक्ससहून उडालं! आपल्याकडेच वळतंय!"

"तोच असणार," व्हर्ली सोशिए म्हणाली. ही शाळेची बस चालवते. "एवढ्या उन्हात दुसरं कोण मरायला येतंय इथे?"

माझ्यावरच्या बरगड्या अर्ध्या कच्च्याच उचलून, कागदात गुंडाळून सगळे विमानतळाकडे पळाले. तासाभराने परतले ते मान खाली घालून. विमानातून एक लाकडाचा व्यापारी उतरला होता, आणि त्याचा कुत्रा. बरगड्या कुत्र्याने खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी कॉलेजाने नाव जाहीर केलं. वेंडेल निकेझ. तो विमानाने आलाच नव्हता. तो मैदानावरच होता, हातात दाताळं घेऊन माती सारखी करत.

खरं तर हे लोक स्वतःवरच चिडले होते. पण स्वतःवर चिडायला धैर्य लागतं.

"हा कोच? हा तर चेंडूंची बादली उचलणारा!" डब म्हणाला.

"त्यापेक्षा त्या कुत्र्याला नेमायचं होतं," व्हर्ली म्हणाली. "निदान चेंडू परत तरी आणतो."

सगळे खदाखदा हसले. मग जो तो फोनवर लिहू लागला आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवू लागला. एकाने वेंडेलच्या ढेरीबद्दल लिहिलं. एकाने त्याच्या मेलेल्या आईचं नाव काढलं. वेंडेल वीस पावलांवर होता. त्याचं दाताळं क्षणभर थांबलं, आणि पुन्हा चालू लागलं.

मला शिव्या देता येत नाहीत, मित्रांनो. पण किळस येते.

पुढे डबने आपली टोपी काढली. संघाची टोपी, त्याच्याच घामाने विटलेली. ती त्याने माझ्या निखाऱ्यांवर फेकली. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. टोपीच्या चोचीत प्लास्टिकची पट्टी असते. ती वितळली, गजांवर ओघळली, फुगली, काळी पडली. असा घाण धूर सुटला की टोप्या टाकणारेच नाक दाबून पळाले. मला पळता येत नाही. चाळीस वर्षं मी अन्नाचा वास सांभाळला होता. पुढचे आठ महिने ते काळं, चिकट पाप अंगावर घेऊन मी उन्हापावसात उभी राहिले. घासायला कुणी आलं नाही. उलट ठरलं, की यंदा वेंडेलला ताट द्यायचं नाही आणि त्याचं नाव पुकारलं की सगळ्यांनी पाठ फिरवायची.

पहिल्या सामन्याच्या सकाळी वेंडेल एकटाच आला. हातात तारेचा ब्रश. तो गज घासू लागला. एकेक पापुद्रा खाली पडत होता. अकरा गज झाले, तेवढ्यात काठी टेकत, मांसाचा डबा घेऊन ऑर्फा आली.

"कोच, आपल्या ताटाची भांडी आपण घासायची नसतात."

"काकू, हॉइटकाकांची शेगडी आहे. माझ्यापायी खराब झाली."

"तुझ्यापायी?" तिने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. "बारावा राहू दे. तो तुझा नाही."

त्या गजाखाली तिने विस्तव जाऊ दिला नाही. बाकीच्या बाजूला पेकानच्या झाडाची लाकडं रचली, डोळे मिटले, काडी ओढली.

दुपारी मंडळी आली आणि धूर बघून थबकली.

"काकू, यंदा नाही द्यायचं ठरलंय," डब म्हणाला.

"तुमचं ठरलंय, बाळा. मला कुठे कुणी विचारलं?"

मैदानावर वेंडेलचं नाव पुकारलं गेलं. कुंपणाशी चाळीस पाठी फिरल्या. ऑर्फा ताट घेऊन निघाली, पण कुंपण उंच. ती बर्फाच्या पेटीवर चढली. तिचा गुडघा लटपटत होता आणि ताट कलत होतं. सांडलं असतं तर अठरा वर्षांची वाट मातीत गेली असती.

"अगं काकू, पडशील!" व्हर्लीनेच मागे वळून तिची कंबर धरली.

पलीकडून दोन हातांनी ताट झेललं. अन् काय सांगू, अठरा वर्षांची सवय! ताट घेऊन वेंडेल मैदानाकडे वळला आणि कुणाला नेऊन द्यायचं म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

"अरे वेड्या, तुलाच!" ऑर्फा म्हणाली.

त्याने खाल्लं. हात मात्र वर केला नाही. त्या हाताने त्याने डोळे पुसले.

सातव्या डावात आपल्या पोरांनी सामना फिरवला. पाठी कधी वळल्या ते पाठींनाही कळलं नाही. आणि डब ओरडला, "मी म्हणालोच होतो! आपलाच माणूस पाहिजे! बाहेरचे हवेत कशाला?"

टोप्या जळताना आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा आली.

कागदी ताटली पुढे करत तो माझ्यापाशी आला. ऑर्फाने त्या ताटलीत तारेचा ब्रश ठेवला.

"एक गज राहिलाय."

"काकू, आत्ता? अजून दोन डाव आहेत!"

"पाठ फिरवायची होती ना तुला? मग फिरव."

डब वाकला. त्याच्या मागे दोन डाव झाले, दोनदा आरोळ्या उठल्या, आणि तो गज घासत राहिला. पुरता निघाला नाही. प्लास्टिक लोखंडात मुरतं.

मित्रांनो, विस्तवात काय टाकता ते जरा बघून टाका. तो नाही म्हणत नाही. पण उद्याचा घासही त्याच्यावरच शिजायचा असतो. अजूनही मी तापले की आधी बाराव्या गजातून किंचित वास येतो. नवखा कुणी विचारतो, "कसला वास येतोय हो?" तेव्हा डब ब्रश उचलतो.