मिरच्यांखालचा तंबू

मित्रांनो, मी मुलुंडच्या एका चार मजली इमारतीतला, माळ्यावर पडलेला जुना तंबू आहे. दोन माणसं झोपतील एवढा. मी रागावलेला आहे आणि तो राग मी लपवणार नाही.

एका कारखान्यात माझं हिरवं कापड बेतलं, शिवलं. दुकानात मला उभारून दाखवलं तेव्हा नीलम आत शिरून आडवी झाली आणि म्हणाली, "झकास आहे यार!" अंधेरीच्या ऑफिसात राबणाऱ्या या मुलीला स्कूटरवरून एकटीनं लांब जायचं होतं. त्या एका कौतुकावर मी तीन वर्षं काढली.

तीन वर्षांत ती मला फक्त गच्चीपर्यंत घेऊन गेली. दर एप्रिलला तिची आई मालनताई सांडग्या मिरच्या करायची. "एवढा महागाचा घेतलास, मिरच्यांना तरी उपयोग होऊ दे," ती म्हणाली. माझी बाहेरची बाजू धुळीची, आणि खायची वस्तू स्वच्छ जागीच ठेवायची! म्हणून नीलमनंच मला उलटं केलं आणि मसाला भरलेल्या मिरच्या माझ्या आतल्या बाजूवर वाळत घातल्या. उन्हाळा सरला की मला सुलटं करून, न पुसता, न झटकता माळ्यावर कोंबायची. माझ्या शिवणी जळत होत्या, पण माझी चौकशी कोण करणार?

मग या डिसेंबरात तिनं मला खाली ओढलं. सापुताऱ्याकडे, राज्याच्या हद्दीपलीकडे निघाली होती.

"एक रात्र काढून दाखव," आई तिला म्हणाली. "मधनंच पळून आलीस ना, तर पुन्हा एकटीनं जायचं नाव काढायचं नाही."

"दाखवतेच!"

हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं मला काठीनं ढोसलं. "अकेली जा रही हो?"

"अकेली कशाला?" नीलमनं माझ्यावर थाप मारली. "हा आहे ना. आम्ही दोघं आहोत."

मित्रांनो, त्या थापेनं मी सगळं विसरलो. जन्मात प्रथमच मला कुणी सोबती म्हटलं होतं.

ऊन कलताना तिनं परवानगी घेऊन एका शेताच्या कडेला मला उभारलं. आत शिरून चादर झटकली मात्र, तीन उन्हाळ्यांचं तिखट उडालं. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा! धडपडत ती बाहेर आली.

"भंगार साला! वाट लावलीस माझी!"

मी लावली? मिरच्या मी घातल्या होत्या? तिनं एक लाथ घातली, माझा दांडा वाकला. मला गुंडाळून तिनं बांधावर फेकलं. तेवढ्यात आईचा फोन आला. शिंका ऐकून ती म्हणाली, "नाही जमत? ये मग परत." नीलमनं नाक पुसलं. "मस्त चाललंय गं," म्हणाली, आणि रेनकोट पांघरून आंब्याखाली पसरली. सकाळी ती तिथंच कुडकुडत उठली, पण हसत होती. पैज तिनं जिंकली होती. मला बांधावरून उचलून तिनं पुन्हा स्कूटरला बांधलं.

मुलुंडला आल्यावर तिनं आईला ऐटीत सांगितलं, "बघ, एकटीनं राहिले."

एकटीनं! नाक्यावर आम्ही दोघं होतो.

आता एप्रिल आलाय. मालनताई मिरच्या निवडत बसली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा असेल तर त्याला नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा, तेवढं पुरे. नीलमला मात्र काही सांगू नका. पुढच्या खेपेला ती पुन्हा माझ्यात शिरेल, आणि मी तिला पुन्हा झोंबेन.