मुलींच्या खोलीचं कुलूप

विद्यार्थी कल्याण समितीच्या बैठकीत भागू कोळपेचं नाव निघालं आणि चहाचे कप गोळा व्हायच्या आत तिचा निकालही लागला.

"लोणीची ना ती? मेंढपाळाची पोरगी. लग्न ठरलं असेल," समितीचे प्रमुख सुदर्शन सर म्हणाले. "हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येणार नाही. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा होता.

समितीत बाई म्हणून एकट्या पुष्पा उकिर्डे. डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याची लेक, कॉलेजात इतिहास शिकवायला लागून फार दिवस झाले नव्हते, म्हणून बैठकीत त्या गप्पच बसत. पण भागू म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी, शंका विचारून विचारून तास लांबवणारी. ती कुणाला काही न सांगता कॉलेज सोडील, हे त्यांना पटेना.

"मी घरी जाऊन विचारून येते," त्या म्हणाल्या.

"ते समितीचं काम नाही, मॅडम," सुदर्शन सर हसले.

तरी रविवारी त्या एसटीनं लोणीला गेल्या. भागू पडवीत घोंगडीवर पडली होती. चेहरा सुकलेला, डोळ्यांखाली सूज. बाप राघू मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. घरी आई, बाळाबाई.

"लगीन? कुनी सांगितलं?" बाळाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, ही पोरगी पानीच पेत नव्हती. सकाळी अंधारात घर सोडायची, ती दिवं लागल्यावर घरी. दिसभर एक घोट न्हाई. पार लघवीतनं रगात पडलं तवा बोलली. डाक्टर म्हनला, किडनीपातुर गेलंय. लई तापली व्हती."

"पाणी का नाही प्यायचीस गं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

भागूनं मान खाली घातली. "प्यालं की जावं लागतं, मॅडम. संडास मुलींच्या खोलीत, अन् तिला कुलूप असतं. आत खेळाचं सामान अन् संमेलनाच्या सतरंज्या ठेवल्यात. चावी सुदर्शन सरांकडं. मागायला गेलं की सगळ्यांसमोर विचारतात, कशाला पाहिजे? मग कोण मागंल?"

परतीच्या एसटीत पुष्पाबाईंना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. त्या स्वतः ऑफिसमागच्या, शिक्षकांसाठीच्या संडासात जायच्या. त्याला कधी कुलूप नव्हतं. जबडा इतका आवळलेला की घरी पोचेपर्यंत दाढा ठणकायला लागल्या.

सोमवारी त्या सरळ स्टाफरूममध्ये गेल्या. सगळे बसलेले होते.

"सर, मुलींच्या खोलीची चावी द्या."

सुदर्शन सरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "कशाला पाहिजे?"

"लघवीला जायचंय."

कुणाच्या तरी हातातली कपबशी किणकिणली.

"मॅडम, जरा भाषा," सुदर्शन सर लाल झाले.

"भाषेला काय झालं? हाच प्रश्न तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींना चारचौघांत विचारता. त्या बिचाऱ्या उत्तर देत नाहीत, मी दिलं. एक पोरगी किडनी सुजून घरी पडली आहे आणि तुम्ही तिचं लग्न लावून मोकळे झालात."

"सामान चोरीला जाईल. प्राचार्यांची परवानगी आणा."

त्या परवानगीला गेल्या नाहीत. पटांगणातला एक दगड उचलला आणि व्हरांड्यात जाऊन कुलपावर घातला. कुलूप जुनं, पण चिवट. हाताची सालटी निघाली. आधी मुली लांबून बघत होत्या, मग एकेक जवळ आली. कोयंडा उचकटल्यावर त्यांनीच स्टंप, जाळ्या, सतरंज्या बाहेर काढून व्हरांड्यात ढीग घातला. आत नळाला पाणी नव्हतं. दोघी बादली घेऊन हौदाकडे पळाल्या.

त्याच दुपारी समितीची तातडीची बैठक बसली. भागूचं वर्ष वाया जाताना ज्यांना चहा संपेपर्यंतचाही वेळ नव्हता, ते एका कुलपावर संध्याकाळपर्यंत बोलले. शिस्त, मालमत्ता, संस्थेची अब्रू. सगळ्यांचं झाल्यावर पुष्पाबाई उठल्या.

"मला नोकरीवरून काढायचं तर काढा. पण कारण खरं लिहा. मुलींच्या संडासाचं कुलूप तोडलं, म्हणून काढलं. लिहा, मी इथंच थांबते."

प्राचार्यांनी सुदर्शन सरांकडे पाहिलं, सुदर्शन सरांनी टेबलाकडे. लिहायला कुणी पेन उघडेना.

"आणि भागूचा डॉक्टरचा दाखला मी आणला आहे. आजारपणात हजेरीची सूट मिळते, हे या समितीला ठाऊक असायला हवं होतं."

प्राचार्यांनी सूट दिली. खोलीला पुन्हा कुलूप लागलं नाही. पुष्पाबाईंना मात्र समितीतून काढलं, कारण न लिहिता.

भागू परीक्षेला बसली. औषधं चालूच होती, तरी पास झाली. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी अहवाल वाचला. त्यात, प्रा. सुदर्शन यांच्या पुढाकारानं समितीनं मुलींसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केल्याचा उल्लेख होता. टाळ्या वाजल्या. सुदर्शन सरांनी उठून हात जोडले.

मागच्या रांगेत भागू बसलेली होती. तिनं पुष्पाबाईंकडे वळून पाहिलं. "मॅडम, उठून सांगू का मी?"

"सांग," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी आहे तुझ्या शेजारी."

भागू उभी राहिली.