तेलापियाची अंडी

कोलकात्याच्या पूर्वेला, शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या तळ्यांपैकी एक हरिपद नस्करांचं. त्यांची थोरली श्यामली मत्स्यसंशोधन केंद्रात होती. घरच्याच तळ्यातले मासे तपासायची वेळ तिच्यावर आली, आणि निकाल हातात पडल्यावर तिनं तपासणी पुन्हा करून पाहिली.

शेवटी जेवताना बोलली. "बाबा, आपल्या नर माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होतंय. ते फक्त मादीत व्हायला हवं. पाण्यातलं काहीतरी मादीच्या संप्रेरकाची नक्कल करतंय."

"म्हणजे माझे नर लुगडं नेसायला लागले म्हण की!" हरिपद हसले. तिचा चेहरा बघून थांबले. "पण झुमाच्या डोहाळजेवणाला रिवाजाचं कातला माशाचं डोकं याच तळ्यातलं असणार. सांगून ठेवतो."

धाकटी झुमा बाळंतपणाला माहेरी आली होती. ती भात कालवत होती.

"नको, बाबा," श्यामली म्हणाली.

"चांगल्या पाण्यात ठेव महिनाभर. निघेल धुऊन."

श्यामलीने अंगणातल्या टाक्यात बोअरचं पाणी भरून तळ्यातले तेलापिया मासे सोडले. त्यांच्या अंगातलं, साबणाच्या पाण्यातून आलेलं द्रव्य आठवड्याभरात बरंचसं गेलं. पण कालव्याकाठच्या रंगकामाच्या शेडकडून आलेलं दुसरं चरबीत मुरलं होतं, ते हलेना. मासे रोडावले, तसं उरलेल्या चरबीत ते आणखीच दाटलं. फक्त एका मादीत प्रमाण पुष्कळ उतरलेलं निघालं.

"बघ! म्हटलं नव्हतं?" हरिपदांनी मांडीवर थाप मारली. "जरा धीर धरायचा असतो."

श्यामलीला आनंद होईना. ती मादी कापताना तिनं उबवायला तोंडात धरलेली पिवळी अंडी सापडली होती. तीही तपासायला दिली होती.

त्यांचा निकाल आला त्या दुपारी ती टाक्याच्या कठड्यावर बापाशेजारी बसली. "ती धुतली गेली नव्हती, बाबा. तिनं ते अंड्यांना देऊन टाकलं."

हरिपदांनी हातानं डोळे पुसले. मागे दारात झुमा उभी होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"दीदी, मी तर लहानपणापासून हेच मासे खाल्लेत."

श्यामलीला खोटं बोलवेना. "मीही खाल्लेत. थोडं तुझ्यात असेल, थोडं माझ्यात. किती, आणि त्यानं काय होईल, हे मला माहीत नाही, झुमा. यापुढचं थांबवता येईल, एवढं माहीत आहे."

झुमा जवळ येऊन बापाच्या खांद्याला धरून खाली टेकली. "मग थांबवा की. रडता काय?"

डोहाळजेवणाला झुमाच्या सासरच्या गावाहून, पावसाच्या पाण्यावरच्या छोट्या तळ्यातले बोटभर मौरला मासे आले. ती पोटभर जेवली. हरिपदांनी सांडपाणी आत आणणारी कालव्याकडची मोरी मातीच्या गोण्यांनी बुजवली. माशांचं फुकटचं खाद्य बंद केलं म्हणून शेजारच्या तळेवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यातले दोघे मात्र पुढच्या आठवड्यात आपले मासे पिशवीत घालून श्यामलीकडे आले.