बाळाजीचा कोट

किसन सोनावळ्यांच्या डाव्या पायाला खेचरानं लाथ मारली, ही गोष्ट अंबरनाथच्या त्यांच्या वस्तीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. फक्त ती घडलेली नव्हती, एवढंच. पण गोष्ट चवदार असली की ती खरी का खोटी याच्या फंदात कोण पडतो? किसनआण्णा एकाहत्तरच्या लढाईवर गेले ते धड पायांनी आणि आले ते लंगडत. त्यानंतरची वर्षं फौजेनं त्यांना हलकं काम म्हणून खेचरांच्या तबेल्यावर ठेवलं होतं. मधलं सगळं जोडून घ्यायला वस्तीला वेळ लागला नाही.

आण्णांनी सुरुवातीला सांगून पाहिलं. बाबांनो, तोफगोळ्याची कपची लागली, पहाऱ्यावर उभा होतो. लोक विचारत, मग मेडल कुठाय? आता फौजेतून सुटताना जवानाला नोकरीची एक पुस्तिका मिळते, तिला डिस्चार्ज बुक म्हणतात. तिच्यात त्याला मिळालेली सगळी पदकं लिहिलेली असतात. आण्णांच्या पुस्तिकेत लढाईत भाग घेतल्याची पदकं होती, पण युद्धात जखमी झालेल्याला मिळतं ते वूंड मेडल नव्हतं. झालं. कागदावर नाही ते अंगावर असून उपयोग काय? आण्णांनी सांगणं सोडून दिलं. बायको बनूबाई होत्या तोवर घरात निदान एक माणूस विश्वास ठेवणारं होतं. त्या गेल्या आणि तेही संपलं.

लोकांचं एक वेळ ठीक. लोक काय, बोलून मोकळे होतात. पण परवाच्या जानेवारीत विहारासमोर मंडळाच्या पोरांनी माजी सैनिकांचा सत्कार ठेवला, आणि आण्णांची ओळख करून द्यायला त्यांच्याच मुलाला, राजेंद्रला, उभं केलं. राजेंद्र एमआयडीसीत सुपरवायझर, बोलण्यात तरबेज. तो माइकवर म्हणाला, "आमचे आण्णा पाकिस्तानला घाबरले नाहीत, पण खेचरापुढं त्यांचं काही चाललं नाही." मंडप हसला. राजेंद्रनं ते प्रेमानं म्हटलं होतं, हे आण्णांनाही कळत होतं. पण आपलं रक्तसुद्धा तीच गोष्ट खरी धरून चाललंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. शाल आणि नारळ घेऊन ते घरी आले आणि जेवायला नको म्हणाले.

सून यशोधरा हे सगळं बघत होती. ती उल्हासनगरच्या एका पतपेढीत काउंटरवर बसते. "बेटी, कल पक्का" म्हणत हप्ते पुढं ढकलणाऱ्या व्यापाऱ्यांना ती पुरून उरलेली आहे, त्यामुळे एखाद्या गोष्टीचा पिच्छा पुरवणं तिच्या अंगात मुरलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढं ठेवून तिनं विचारलं, "आण्णा, पायाचं खरं काय आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न असा सरळ कुणी विचारला नव्हता. आण्णांनी चहा निवू दिला आणि सगळं सांगितलं.

पहारा जोडीजोडीनं असायचा. आण्णांचा जोडीदार होता चामटोलीचा बाळाजी भोपी. एक शेतकऱ्याचा पोर, एक महारवाड्यातला. गावात असते तर एका घोंगडीवर बसले नसते, पण खंदकात एका ताटात जेवत. डिसेंबरची थंडी अशी, की हाडं वाजायची. म्हणून पलटणीतल्या पोरांनी आपापसात एक रीत पाडली होती. पहाऱ्यावर जो उभा, त्याच्या अंगात दोन्ही कोट. जो झोपेल त्यानं कांबळ्यात मुरकुंडी मारायची. फौजेला ही रीत मंजूर नव्हती आणि माहीतही नव्हती. प्रत्येकाच्या कोटावर आतून शाईनं त्याचा नंबर घातलेला असायचा. गळ्यात नावाचा बिल्लाही असायचा, पण थंडीत तो छातीला चटके द्यायचा म्हणून बहुतेकांनी काढून खिशात टाकलेला. गोळा पडला तेव्हा किसन पहाऱ्यावर होता. अंगात आत स्वतःचा कोट आणि वरून बाळाजीचा.

इस्पितळात शुद्ध आली तेव्हा नर्स त्याला बाळाजी म्हणत होती. वरच्या कोटावरचा नंबर बघून त्यांनी नोंद केली होती. किसन तेव्हा विशीचा. त्याला वाटलं, खरं सांगितलं तर दुसऱ्याचा सरकारी कोट घातला म्हणून आपल्यावर केस होईल, आणि दिला म्हणून बाळाजीवर. म्हणून बाळाजी म्हटलं की तो बापडा ओ देत राहिला. शेवटी एका डॉक्टरला खिशातला बिल्ला सापडला. त्यानं चार शिव्या हासडून पलंगावरची चिठ्ठी बदलली. कोटाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. किसनला वाटलं, चला, निस्तरलं. पण तोवर जखमींची यादी वर गेली होती, आणि यादीत नाव होतं बाळाजीचं.

"मग मेडल त्यांना मिळालं?" यशोधरानं विचारलं.

ते आण्णांना नक्की माहीत नव्हतं. बरे झाल्यावर त्यांची बदली दुसरीकडं झाली, पदकं वाटली गेली ती दोन-तीन वर्षांनी. पण नोकरी संपवून दोघं घरी आले, एक अंबरनाथला, एक चामटोलीला, हाकेच्या अंतरावर, आणि बाळाजी कधी भेटायला आला नाही. त्यावरून आण्णा काय ते समजले. तेही गेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी बाळाजी वारल्याचं कळलं, तेव्हाही गेले नाहीत. माणसाचा राग असा असतो, जळून जातो पण पीळ ठेवून जातो.

यशोधरानं अर्ज केला. ठाण्याच्या सैनिक कार्यालयात खेटे घातले, सरकारी डॉक्टरकडून पायाच्या व्रणाचा दाखला घेतला, इस्पितळाची जुनी नोंद मागवली. चार-पाच महिन्यांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. त्यात उर्मटपणा काही नव्हता, उलट सगळं नीट समजावून लिहिलं होतं. त्या तारखेची जखम आणि तिचं पदक शिपाई बाळाजी भोपी यांच्या नावे आहे. ते हयात नसल्यानं त्यांच्या वारसांनी शपथेवर लिहून दिलं की ती जखम त्यांची नव्हती, तर दुरुस्तीचा विचार होईल.

म्हणजे आता मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन सांगायचं, की तुमच्या माणसाची जखम खोटी आहे, तेवढी सही करा. आण्णा म्हणाले, राहू दे. यशोधरा म्हणाली, रविवारी जाऊ. राजेंद्रला तिनं गाडी काढायला लावली. तो कुरकुरत आला, बायकोचा शब्द मोडण्याची त्याची प्राज्ञा नव्हती म्हणून.

चामटोलीत बाळाजीचं घर सापडायला काही कठीण नव्हतं. ओटीवर बाळाजीची बायको कौसाबाई भिजवलेले वाल सोलत बसली होती. मुलगा महेंद्र, चाळिशीचा, वायरिंगची कामं करणारा. आण्णांनी राम राम केला आणि नाव सांगितलं. कौसाबाईनं हातातले वाल तसेच परातीत टाकले, आणि निरखून बघितलं.

"किसन म्हनजे अंबरनाथचे? या, बसा. लई उशीर केला भाऊ."

आतल्या भिंतीवर बाळाजीचा फोटो, हार, आणि शेजारी काचेच्या चौकटीत वूंड मेडल. आण्णांनी ते पदक आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. केवढंसं ते.

बोलली यशोधराच. न अडखळता, न लपवता, रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर पुढं ठेवून. राजेंद्र बाहेर ओटीच्या कडेला बसून मोबाईल बघत होता, आपला याच्याशी संबंध नाही अशा थाटात. महेंद्रनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे माझा बाप खोटारडा, असंच लिहून देऊ ना?" तो म्हणाला. "जिवंत होता तेव्हा का नाही आलात? तो बोलला असता तुमच्याशी. आता मेल्यावर त्याच्या तोंडाला काळं फासायला आलात."

खरं तर त्यात खोटं काही नव्हतं. आण्णा काठी चाचपून उठायला लागले. तेवढ्यात कौसाबाई आत आली आणि दाराशीच बसली.

"महेंद्र," ती म्हणाली, "बाबाला शेवटची आंघोल कोनी घातली?"

महेंद्रनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"तूच घातलीस ना? थोरला तू. पायापासून डोक्यापरत पानी ओतलंस. मंग सांग यांना, जखम कुठं व्हती?"

महेंद्रनं मान खाली घातली. नव्हती. त्यानं तेव्हाच बघितलं होतं. चिखलात राबलेले, भेगा पडलेले, पण धड पाय, धड हात, पाठीवर एक ओरखडा नाही. तरी तेराव्यानंतर त्यानंच पेटीतलं ते पदक काढून चौकट करून भिंतीवर लावलं. बाळाजीनं ते कधी लावलं नव्हतं, सव्वीस जानेवारीला शाळेत बोलवायचे तर शेताचं निमित्त करून जायचा नाही. महेंद्रला वाटलं होतं, बाप लाजाळू आहे. अंघोळ घालताना त्याला कळलं होतं, आणि कळूनही त्यानं ते गिळलं होतं. गिळणारच. बापाबद्दल अभिमान वाटावा असं त्याच्याजवळ तेवढंच तर होतं.

"मी पन्नास वर्सं त्याच्यासंगं निजली," कौसाबाई म्हणाली. "मला ठावं नसंल व्हय? येकदा इचारलं, तर दोन दिस जेवला नाय. मंग कधी इचारलं नाय."

महेंद्र उठला. भिंतीवरची चौकट त्यानं उतरवली, मागचे खिळे वाकवून पदक बाहेर काढलं आणि आण्णांच्या हातात दिलं. उद्या सकाळी कुळगावात नोटरीकडं येतो म्हणाला.

कागदांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. महेंद्र आला, सही केली, ते पदक रीतसर परत पाठवलं गेलं, आणि सहा महिन्यांनी आण्णांची जखम आण्णांच्या नावावर आली. पुस्तिकेत नोंद झाली, नवं पदक आलं. बाळाजीच्या नावावरची नोंद रद्द झाली. बाळाजीनं त्या रात्री जे केलं, ते पुढं येईलच, त्याचीही नोंद व्हावी म्हणून आण्णांनी वेगळा अर्ज केला होता. त्याला मात्र नकार आला. अशा कामगिरीची शिफारस साहेबानं त्याच वेळी करावी लागते, आणि साहेब कधीच वारले होते. तर कागदाचं असं झालं.

पण त्या रविवारी, पदक हातात असताना, महेंद्र समोर उभा राहून आण्णांना विचारत होता. आवाजात आता राग नव्हता.

"मग बाबांनी लढाईत केलं काय? काहीतरी केलं असेल ना?"

आण्णांनी चमकून त्याच्याकडं पाहिलं, मग कौसाबाईकडं. "तुम्हाला माहीत नाही?"

कुणालाच माहीत नव्हतं. आणि तेव्हा कुठं आण्णांच्या ध्यानात आलं. बाळाजी ती रात्र सांगणार कशी? सांगायची तर जखम किसनची होती हे आधी सांगावं लागणार. चुकून गळ्यात आलेल्या पदकानं त्याचं तोंड शिवून टाकलं होतं. इतकी वर्षं आपण समजत होतो की त्यानं आपलं काहीतरी पळवलं. त्याचं किती गेलं, याचा हिशेब आपण कधी केलाच नाही. आण्णांना स्वतःची लाज वाटली, आणि बाळाजीची आठवण दाटून आली.

मग त्यांनी सांगितलं. गोळा पडला तेव्हा बाळाजी कांबळ्यात होता. अंगात नुसती जर्सी. किसनची पिंढरी फाटलेली, रक्त थांबत नव्हतं, आणि मागं जायचा रस्ता तोफांच्या माऱ्याखाली. हवालदार म्हणाला, उजाडल्यावर बघू. बाळाजीनं ऐकलं नाही. त्यानं किसनला पाठीवर घेतलं आणि नांगरलेल्या शेतातून चालत सुटला. ढेकळांत पाय मुरगळायचे, दोघं पडायचे, तो पुन्हा उचलायचा. गोळे पडत होते. किसनला अधूनमधून शुद्ध यायची तेव्हा त्याला बाळाजीचं बोलणं ऐकू यायचं. देवाचं नाव नाही, काही नाही. सारखं एकच.

"काय बोलायचा?" कौसाबाईनं विचारलं.

"मेल्या, मरू नको. माजा कोट हाय तुज्या अंगात."

कौसाबाई हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग तो बराच वेळ काढला नाही. महेंद्र भिंतीला टेकून खाली बसला होता.

"डॉक्टरांच्या तंबूपाशी मला टाकलं," आण्णा म्हणाले, "आणि तसाच माघारी गेला. कोट न घेता. पहाऱ्यावर कुणी नव्हतं ना. ते बाकीच्यांनी मला नंतर सांगितलं. रात्रभर जर्सीवर उभा होता."

ओटीवरच्या मोबाईलचा आवाज कधीतरी बंद झाला होता.

"हे मला म्हाइत नव्हतं," कौसाबाई शेवटी म्हणाली. "येवढा मानूस माज्या घरात व्हता, आनि मला म्हाइत नव्हतं." तिनं डोळे पुसले आणि महेंद्रकडं वळली. "पोरांना हाक मार आत. तुज्या पोरांना, धाकट्याच्या पोरांना, समद्यांना. भाऊ, तुमी परत सांगा. पयल्यापासनं."

पोरं आली, दाटीवाटीनं बसली. आण्णांनी काठी बाजूला ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. थोडं पुढं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, राजेंद्र ओटीवरून उठून आत आला होता आणि पोरांच्या मागं, भुईवर मांडी घालून ऐकत बसला होता.