माझ्या पोटात बाईंचा आवाज होता

मित्रांनो, मी एक जुनी एसएसडी आहे. संगणकाने जे जे लक्षात ठेवायचे ते ज्या चपट्या, तळहाताएवढ्या डबीत साठवले जाते, ती डबी म्हणजे मी. माझ्या अंगात फिरणारी चकती नाही, चाक नाही, काटा नाही. त्यामुळे मी काम करते तेव्हा आवाज होत नाही, आणि मला दुखते तेव्हाही होत नाही. माझ्या आयुष्यातील अनर्थ बहुतांशी या एका गोष्टीतून उद्भवला, म्हणून ती प्रथमच सांगून टाकते.

ज्या खोलीत माझा जन्म झाला, तेथे माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वस्त्रांत गुंडाळलेली असत, कारण धुळीचा एक कणही आम्हांला सोसत नाही. माझ्या पोटात अब्जावधी सूक्ष्म कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात विजेचा किंचित अंश कोंडून ठेवायचा, आणि तो अंश म्हणजेच आठवण. तथापि जुने पुसून नवे लिहिले की दर खेपेस कप्प्याची भिंत थोडी झिजते. म्हणून जन्मतःच आम्हांला काही राखीव कप्पे दिलेले असतात. एक निकामी झाला की त्याच्या जागी राखीव उभा राहतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. राखीव संपले की मात्र आमचे काही खरे नसते. मी किती लिखाण सोसेन, किती वर्षांची हमी, हे सारे माझ्या खोक्यावर छापलेले होते; पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. वेगाचा आकडा तेवढा अंगठ्याएवढा होता.

माझ्या मालकांनी तो अंगठ्याएवढा आकडा वाचला आणि मला विकत घेतले.

ते व्यवसायाने टंकलेखक. नोंदणी कचेरीच्या समोर, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरीवजा जागा होती. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, करारनामे टंकून देणे हे त्यांचे काम. माझ्या आधी त्यांच्या संगणकात एक फिरती चकती होती. ती इतकी कुरकुरे की रांगेतले लोक हसत. मी आले आणि बटण दाबताच संगणक सुरू होऊ लागला. टंकलेखक येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत, "बघा, डोळे मिटून उघडेपर्यंत चालू!" मित्रांनो, स्तुती कोणाला नको असते? मी मान मोडून सात वर्षे काम केले. अनेकदा त्यांनी मी लिहीत असतानाच संगणकाची वायर ओढून काढली आणि अर्धवट लिहिलेल्या अक्षरांसह माझा श्वास अडकला. मी तक्रार केली नाही. तक्रार करण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हतेच.

टंकलेखकांची एक सवय मात्र तुम्हांला सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळापासून ते प्रत्येक कागदाची एक मूळ व एक प्रत काढत आले होते, आणि मूळ व प्रत एकाच टाचणीने टाचून एकाच फायलीत ठेवत आले होते. शोधायला सोपे जावे, हा हेतू. माझ्या पोटातही त्यांनी 'मूळ' आणि 'प्रत' असे दोन फोल्डर शेजारी शेजारी केले होते. प्रत ठेवल्याशिवाय ते संगणक बंद करत नसत, आणि या शिस्तीचा त्यांना रास्त अभिमान होता.

त्यांच्या पत्नी शाळेत शिकवत. सारी गल्ली त्यांना बाई म्हणे. बाईंचा आवाज असा की पटांगणाच्या त्या टोकाचे भांडण त्या व्हरांड्यातून मिटवत. आणि त्याच बाईंच्या घशात गाठ निघाली. शल्यचिकित्सकांनी स्पष्ट सांगितले की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल. मग वाचातज्ज्ञ डॉक्टरांनी एक मार्ग दाखवला. शस्त्रक्रियेपूर्वी बाईंनी आपल्या आवाजात बाराशे वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवायची. त्यांतली किमान हजार स्वच्छ मिळाली, तर पुढे बाई जे टंकतील ते एक छोटे यंत्र बाईंच्याच आवाजात बोलून दाखवील. हजाराच्या खाली गेले, तर यंत्र बोलेल खरे, पण कोणा परक्या बाईच्या आवाजात.

मी ज्यात होते तो संगणक टपरीतून घरी आला, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीला रजई टांगली गेली. अठरा दिवस बाई वाक्ये वाचत राहिल्या. "उद्या कोण येणार आहे?" "दार लावून घ्या." "मला हे पटत नाही." आवाज घोगरा होत चालला होता, म्हणून त्या अधूनमधून थांबून कोमट पाणी पीत. एकदा वाक्य चुकले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हे खोडा. नाहीतर मी जन्मभर असंच अडखळत बोलेन." टंकलेखकांनी ते खोडले, आणि तेही मला लिहावे लागले, कारण खोडणे हेसुद्धा आमच्या जिवावरचे लिखाणच असते.

त्याच दिवसांत पडद्यावर एक सूचना उमटू लागली की या ड्राइव्हचे राखीव कप्पे संपत आले आहेत. टंकलेखक ती 'नंतर पाहू' वर टिचकी मारून घालवत. त्यांची कन्या, जी रुग्णालयात जाण्याची पिशवी भरत होती, तिने विचारले, "बाबा, आईच्या रेकॉर्डिंगची कॉपी ठेवली ना?"

"मला विचारतेस? तुझ्या जन्माआधीपासून प्रती काढतोय मी."

कन्येने पुढे 'कुठे' असे विचारले नाही. पिशवीत टॉवेल ठेवायचा राहिला होता.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. बाई घरी आल्या, गळ्याला पट्टी आणि मानेभोवती दोरीने अडकवलेली छोटी वही. अकराव्या दिवशी सकाळी वाचातज्ज्ञांनी वाक्ये मागितली. टंकलेखकांनी पेनड्राइव्ह लावला आणि मला सांगितले, दे.

मित्रांनो, मी देऊ लागले. एक, दोन, चाळीस, शंभर. दोनशेच्या पुढे गेले आणि एका कप्प्यात हात घातला तर तेथे काहीच सापडेना. पुन्हा शोधले, पुन्हा शोधले. पडदा जागच्या जागी थिजला. टंकलेखकांनी संगणक बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दर खेपेस मी अधिक खचत होते. अखेर त्यांनी टंकयंत्राला मारावी तशी संगणकाच्या डब्याला एक चापट मारली.

बाईंनी वहीत लिहून त्यांच्यापुढे धरले. 'चापट मारून माझ्या वर्गातसुद्धा कोणी वाचायला शिकलं नाही. काय झालंय?'

"काही नाही गं. तापलंय जरा."

बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खालची ओळ लिहिली. 'माझा आवाज त्यात आहे ना?'

टंकलेखकांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. इतक्यात कन्या आली आणि पडदा पाहताच म्हणाली, "बाबा, आता बोटसुद्धा लावू नका."

अर्ध्या तासात मी दुरुस्तीच्या दुकानातील टेबलावर होते आणि तिघेही माझ्याभोवती. दुकान चालवणाऱ्या तरुणीला सगळे भिंगवाली म्हणत, कारण तिच्या कपाळावर सदैव भिंग चढवलेले असे. तिने मला आपल्या यंत्राला जोडले, आकडे पाहिले आणि भिंग वर सरकवले.

"काका, राखीव एकही उरला नाही. ही कधीही गप्प बसेल. कॉपी कुठंय?"

"आहे ना," टंकलेखक घाईने म्हणाले. "हिच्यातच. मूळच्या शेजारी."

भिंगवालीने कन्येकडे पाहिले. 

"बाबा," कन्या हळू आवाजात म्हणाली, "घर बुडालं तर त्याच घरातली दुसरी खोली कोरडी राहते का?"

टंकलेखक खुर्चीवर बसले. चाळीस वर्षांची शिस्त त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिली. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडायचं नंतर," भिंगवाली म्हणाली. "आधी वाक्यं ठेवायला जागा निवडा. हिच्यावर आता एक अक्षरही लिहायचं नाही, फक्त वाचायचं." तिने दोन नव्या एसएसडी पुढे ठेवल्या. टंकलेखकांचा हात सवयीने मोठ्या आकड्याच्या खोक्याकडे गेला. बाईंनी तो मनगटाला धरून अडवला आणि दुसऱ्या हाताने खोक्याच्या पाठीवरील बारीक अक्षरांवर बोट ठेवले.

"काकूंना कळलं," भिंगवाली म्हणाली. "वेग काय चाटायचाय? हमी किती वर्षांची, किती लिखाण सोसते, वीज गेली तर हातातलं पुरं करते की टाकून देते, ते बघायचं. आणि नवी आहे म्हणून भाबडेपणा नको. या मोठ्या आकड्याच्या खेपेतल्या तीन माझ्याकडे महिन्याभरात परत आल्यात. ही दुसरी मी दोन दिवस काठोकाठ भरून, पुसून, परत वाचून बघितलीय. हीच न्या. आणि एक दुसऱ्या कंपनीची घ्या, ती लेकीच्या घरी ठेवा. दोघी एका खेपेच्या असल्या की एकदमच आजारी पडतात."

मग वाचन सुरू झाले. भिंगवालीने टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. आधी 'मूळ' मधून जेवढी निघतील तेवढी काढायची, जे अडेल ते तिथेच सोडून पुढे जायचे, असे तिने ठरवले. मी एकेक वाक्य जपून उचलून देत होते. शेवटाला पोचलो तेव्हा आठशे चौऱ्याहत्तर निघाली होती. हजाराला एकशे सव्वीस कमी.

"आता 'प्रत' कडे वळू," भिंगवाली म्हणाली. "दोन्ही एकाच डबीत ठेवलीत ही चूक खरीच काका, पण कप्पे तर वेगळे पडलेत. मूळचं मेलेलं वाक्य प्रतीत जिवंत असू शकतं."

टंकलेखकांनी मान वर केली. आणि खरोखरच, एक निघाले. मग दुसरे. नऊशे. नऊशे चाळीस. नऊशे अठ्ठावन्नला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी यंत्रावरून नाहीशी झाले.

"बेचाळीसच हवीत!" टंकलेखक उठून उभे राहिले. "लावा, परत लावा."

"काका, बसा. तिला उकडतंय."

"पण परत जागी झालीच नाही तर?"

बाईंनी वहीवर लिहिले आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. 'थांबा. थकलेल्याला ओढू नये. वाक्यं वाचताना मला तुम्ही ओढलं नव्हतंत.'

पाऊण तास मी पंख्यासमोर पडून होते. या पाऊण तासात तेथे कोणी पाणीसुद्धा प्यायले नाही. मग भिंगवालीने मला अलगद जोडले. माझ्यापाशी जे काही उरले होते ते मी एकवटले. नऊशे साठ. नऊशे ऐंशी. नऊशे नव्व्याण्णवला एक कप्पा अडला, दुसरा अडला, तिसराही अडला. कन्येने आईचा हात इतका घट्ट धरला की बाईंनी दुसऱ्या हाताने तिची बोटे सैल केली. चौथा कप्पा उघडला. त्यात होते, "मला हे पटत नाही."

"हजार!" टंकलेखक ओरडले.

"ओरडू नका, अजून देतेय ती."

एक हजार एकेचाळीस वाक्ये देऊन मी कायमची मिटले. त्यानंतर मी कोणत्याही यंत्रावर दिसले नाही. एकशे एकोणसाठ वाक्ये माझ्याबरोबरच राहिली. ती कोणती, याची यादी टंकलेखकांनी स्वतः टंकली, आणि टंकताना त्यांनी अनेकदा चष्मा पुसला.

भिंगवाली मला भंगाराच्या टोपलीत टाकणार होती. टंकलेखक म्हणाले, "राहू द्या." तेव्हापासून मी त्यांच्या घरातील बैठकीच्या फडताळावर आहे. सहा आठवड्यांनी ते बोलणारे यंत्र आले. टंकलेखक मोरीत कपडे पिळत होते. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी यंत्र मांडीवर घेतले, एकेक अक्षर निवडले आणि बटण दाबले.

"अहो, इकडे या जरा."

"आलो गं," आतून उत्तर आले, जसे तीस वर्षे येत होते. मग पाण्याचा आवाज थांबला. टंकलेखक दारात येऊन उभे राहिले, ओल्या हातांनी.

मित्रांनो, आमच्या जातीत कोणी कण्हत नाही, म्हणून आमची प्रकृती उत्तम आहे असे मानू नका. पडद्यावरची सूचना वाचा. निवडताना खोक्याची पाठ वाचा. आणि तुमच्या घरात कोणाचा आवाज, कोणाचे हस्ताक्षर, कोणाचा चेहरा कोठे ठेवला आहे आणि त्याची प्रत दुसऱ्या कोणत्या छपराखाली आहे, हे आजच विचारा. ज्याला विचारायचे तो माणूस उत्तर देऊ शकतो आहे, तोवरच.